खुबा, प्लेट आणि मांडी

३ मार्च १९७४
निश्चय केला. खुब्याची वाटी फुटली की हाडाला ताण म्हणून पायाला विटा टांगून पेशंटला तीन महिने लोळवायचं, हा निव्वळ भेकडपणा. यापुढे ऑपरेशन. दहा केसेस, मग पेपर, मग मुंबईची कॉन्फरन्स. माझा शिकाऊ डॉक्टर, हाउसमन धर्मपाल म्हणाला, सर, आधी कुणाचं तरी बघून यायला हवं. त्याला वॉर्डाबाहेर हाकललं.

९ मार्च
केस नंबर एक. गुरुबसप्पा, तालमीतला पैलवान. अक्कलकोट रोडवर ट्रकनं सायकलसकट उडवला. वाटीचे तुकडे तुकडे. देव माझ्या पाठीशी आहे.

१२ मार्च
केलं. रक्त दिव्यापर्यंत उडालं. हाड जोडायची पोलादी पट्टी, म्हणजे प्लेट, वळेना, हातोडीनं ठोकून वळवली. एक स्क्रू जरा लांब गेला. धर्मपाल म्हणे, सांध्यात घुसलाय. त्याच्या अंगावर छिन्नी भिरकावली. लागली नाही. एकूण यशस्वी.

६ जुलै
गुरुबसप्पा काठीशिवाय चालला. विलायती मार्कांच्या पद्धतीनं 'एक्सलंट'. त्याची बायको दाक्षायणी मात्र रडगाणं घेऊन आली.
"चालत्यात की साहेब. पर खाली बसाय येत न्हाय. पूजेला मांडी न्हाय, परसाकडं उकिडवं न्हाय."
विलायती पद्धतीत मांडीला मार्कच नाहीत. खुर्ची घ्या म्हटलं. तिनं विचारलं, खुर्ची बाभळीमागं रोज कुणी न्यायची? शेरा मारला: नातेवाईक असहकारी.

११ ऑगस्ट
मुंबईचे प्रोफेसर येत्या रविवारी माझी केस बघणार. म्हणे ते पेशंटला मांडी घालायला लावतात. हरकत नाही. पैलवान आळशी झालाय, दुसरं काही नाही. जोर लावला की गुडघा खाली जाईल.

१८ ऑगस्ट
दोन वॉर्डबॉयनी गुरुबसप्पाला टेबलावर दाबून धरलं. मी सगळं वजन त्याच्या गुडघ्यावर टाकलं. आत काहीतरी कचकन मोडलं. तो गुरासारखा हंबरला, वॉर्डबॉय झटकले, पडल्या पडल्या माझ्या मानेत हात घातला आणि मला टेबलावरून पलीकडे फेकलं. फरशीवर कुल्ल्यावर आपटलो. प्रोफेसर वेळेवर बाजूला सरकले.

१९ ऑगस्ट
एक्सरे आला. माझी उजव्या खुब्याची वाटी. तुकडे तुकडे. गुरुबसप्पाचा स्क्रू धर्मपालनं काल काढला, पण सांधा खरवडून गेलाय म्हणतो. मग अगदी अदबीनं म्हणाला, सर, केस नंबर दोन. प्लेट उकळायला टाकू?
मला रडू फुटलं. विटा टांग म्हटलं.

२ सप्टेंबर
पडूनच लिहितोय. गुरुबसप्पा कुबड्यांवर भेटायला आला. मला त्याच्याकडे बघवेना. माझ्या पायाला लोंबणाऱ्या विटांकडे दाक्षायणी बराच वेळ बघत होती.
"साहेब, तुमाला न्हाय घातली पट्टी?"
म्हटलं, प्रत्येकाचं हाड वेगळं असतं.
ती खाटेशेजारी फरशीवर मांडी घालून बसली, अगदी सहज. गुरुबसप्पा उभाच राहिला. आम्ही दोघंही तिच्या मांडीकडे बघत होतो.