स्वच्छ जागेचं पाणी

शनिवार, संध्याकाळचे सात
पनवेल

उद्या सकाळी ट्रायथलॉन. पोहण्याचा टप्पा आपटा गावाजवळ नदीत. पाण्याचा रिपोर्ट चांगला आला, आयोजक सरांनी तो ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी अंगठे दिले. मला काहीच वाटलं नाही.

तपासणीचा नमुना मीच भरला होता. गावाचा नाला नदीला मिळतो, त्याच्या खाली पोहणारे उतरणार, म्हणून बाटली तिथेच भरायची होती. पण कपडे धुणारी मावशी म्हणाली, "तिथं गटाराचं पानी हाय रं, वर जा. कोनाला पाजायचंय का मारायचंय?" मी वर गेलो. तळाचे खडे दिसत होते तिथे भरली. घरी प्यायचं पाणी भरावं तशी, स्वच्छ जागा बघून. लेबलवर मात्र ठरलेलीच जागा लिहिली. सुवाच्य अक्षरात.

दुपारी लेबल आठवलं, तेव्हा सरांना सांगितलं, बाटली नाल्याच्या वर भरली होती. "रिपोर्ट आलाय ना? मग झालं. तू फार विचार करतोस." करतो का? खडे दिसत होते, एवढंच डोळ्यांसमोर येतं.

सहाला कळंबोलीच्या एका ताईंचा फोन. उद्या त्या पोहणार आहेत. "पाणी ठीक आहे ना रे? मागे एका स्पर्धेनंतर मी आठवडाभर जुलाबाने आडवी होते."

"ताई, नमुना नाल्याच्या वरचा आहे. चूक माझी."

त्या म्हणाल्या, "बाकीच्यांना कोण सांगणार?"

ग्रुपवर फक्त सर लिहू शकतात. पोहणाऱ्यांच्या नंबरांची यादी माझ्याकडे आहे. सोमवारपासून सरांकडचं हे काम बहुतेक राहणार नाही. तिघांना फोन झाले. चौथा उचलत नाही, पुन्हा लावतो.