ह्यांनी स्वप्नात तोंड उघडलं तो दिवस

चि. मथूस,

अक्काचे पोटभर आशीर्वाद. तुझा गुडघा आता मुडपतो का? मुडपत नसेल तर खाली बसून नारळ खोवू नकोस, बायका नावं ठेवतील ती ठेवू देत. मी बरी आहे, एक वरचा दात सोडून (तो पाद्रीबुवांच्या घरचं बदामाचं बिस्कीट खाताना गेला, देवाघरचाच म्हणायचा). अक्षर लावून वाच. चौथीत मास्तरांनी हात टेकले ते काही उगाच नाही.

तू पत्रामागून पत्र धाडतेस आणि एकच विचारतेस, की माडांकडची खोली सारवून ठेवलीय, अक्का तू कायमची येतेस की नाही? नसशील येत तर शाळेच्या मास्तरणीला राहायला देते, एकटीला घर खायला उठतं. उत्तराला उशीर झाला, कारण मी ह्यांना विचारायचं ठरवलं. (हे जाऊन इतकी वर्षं झाली म्हणून काय झालं? असताना तरी कुठे वेळेवर उत्तर देत होते!) तर परवा ह्यांचं नाव घेऊन निजले आणि हे खरंच आले. आपल्या वेंगुर्ल्याच्या विहिरीवर बसलेले, अंगात बोटीवरच्या भटारखान्यातला पांढरा डगला, हातात सोललेला कांदा. मी विचारलं, जाऊ की राहू? ह्यांनी कांदा खाली ठेवला, तोंड उघडलं, आणि तेवढ्यात आमचा मासेवाला सबातीनो खिडकीखाली असा बोंबलला की विहीर, कांदा, हे, सगळं गेलं.

आता माझं चुकलं ते असं की पावासाठी सज्ज्यातून दोरीची टोपली सोडताना मी हे खालच्या नुन्झियाताला सांगितलं. ह्या इटलीत, निदान नापोलीत तरी, स्वप्न कुणाला सांगू नये. इथे प्रत्येक स्वप्नाचा आकडा असतो आणि तो लोक लावतात, आपल्याकडच्या मटक्यासारखा, फक्त हा सरकारी. मेलेला माणूस दिसला तर सत्तेचाळीस. तोच बोलला तर अठ्ठेचाळीस. झालं! माझी टोपली तशीच अधांतरी आणि गल्ली गोळा.

"दोन्ना शेवंता, अर्धवट काय सांगतेस? नवरा बोलला की नाही?" नुन्झियाताने विचारलं. (दोन्ना म्हणजे इथलं बाईसाहेब.)

"तोंड उघडलं होतं," मी म्हटलं.

"जांभई दिली असेल," सबातीनो म्हणाला.

"तू गप रे मेल्या! तुझ्या बोंबलण्याने बिचारा दुसऱ्यांदा गेला!" नुन्झियाताने त्याला झापलं.

शेवटी ठरलं असं, की मी दुपारी जेवून पडायचं आणि राहिलेलं स्वप्न पुरं करायचं. तोवर गल्लीने आवाज करायचा नाही. मथू, तू आमची गल्ली पाहिली नाहीस. इथे बाळंतीण असो की मयत, कुणी हळू बोलत नाही. पण त्या दुपारी नुन्झियाता गल्लीच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसली आणि पोरांना स्कूटर हातांनी ढकलत न्यायला लावल्या. सबातीनोने नुसत्या हातवाऱ्यांनी मासे विकले (इथल्या लोकांचे हात असेही तोंडापेक्षा जास्त बोलतात). रेडिओ बंद, भांडणं तहकूब.

मी आडवी झाले, तर काय ती शांतता गं! अगदी आपल्या वैशाखातली. आई पदर उशाला घेऊन नुसत्या जमिनीवर निजलेली, मागे माडाची झावळी पडल्याचा तेवढा आवाज, आणि तू नि मी माळ्यावर बसून मीठ लावलेली कैरी चोखतोय, आवाज होऊ नये म्हणून एकमेकींच्या तोंडावर हात. दात आंबले तेही आठवलं. उशी भिजली. पण झोप? एवढ्या वर्षांत कानाशी भांडी, स्कूटर आणि वरच्या नवराबायकोची धुसफूस असल्याशिवाय मी निजलेच नाही. त्या शांततेत मला वाटायला लागलं, कुणाचं काही बरंवाईट तर झालं नाही ना? म्हणून उठून खाली डोकावले. गल्ली माना वर करून माझ्या खिडकीकडे बघत बसलेली!

"जागी आहे! झोप ना गं बाई, आकड्याचं दुकान बंद होईल!"

मग काय करणार? सांगून टाकलं, हे बोलले म्हणून. काय बोलले? मी म्हटलं, "जेवलीस का?" (दुसरं काय बोलणार? बोटीवरून सहा-सहा महिन्यांनी यायचे तेव्हा उंबऱ्यातून हेच विचारायचे. प्रेमाचं म्हणून एवढंच.) नुन्झियाताने एप्रनने डोळे पुसले, "असा नवरा!" म्हणाली आणि सगळ्यांच्या पुढे पळत जाऊन अठ्ठेचाळीस लावून आली.

संध्याकाळी सत्तेचाळीस निघाला.

खुर्च्या बाहेर टाकून सगळे बसलेले. मी टोमणे खायच्या तयारीनेच खाली उतरले. सबातीनो म्हणाला, "दोन्ना, तुझा नवरा पक्का घुम्या निघाला." नुन्झियाताने मात्र सकाळपासून शिजत ठेवलेल्या रश्श्यातली शेवयांची बशी माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "बोलला नाही, म्हणजे जा म्हणाला नाही." मी म्हटलं, राहा असंही नाही म्हणाला. तर म्हणते, "ते आम्ही म्हणतोय की."

पण मथू, आपलं घर ते आपलं घर. सगळा विचार करून कळवते, मेमध्ये येते. कायमची. खोली सारवून ठेव.

तुझी,
शेवंताअक्का

ता. क. सही करून पाकीट चिकटवायला घेतलं, तर खाली दोघींची सांडलेल्या पाण्यावरून जुंपली, आणि ते ऐकता ऐकता मला बसल्या जागी अशी गाढ झोप लागली की चहा राहून गेला. खोली मास्तरणीला दे.

आणखी ता. क. (चार दिवसांनी, पाकीट अजून इथेच.) मेमध्ये येते हे मात्र खरं. तुला न्यायला येते. पासपोर्टाचं बघून ठेव, कारणं सांगू नकोस, जागा आहे. तुझ्या स्वप्नात तुझी मेलेली सासू रात्रभर तोंड मिटत नाही, हे मी गल्लीत सांगून बसलेय. लोक रोज विचारतात, कधी येते म्हणून.