कारणाच्या रकान्यात

आई, काल माझी रजा मंजूर झाली. सहा आठवड्यांची. सोमवारी ॲडमिट व्हायचं, मंगळवारी माझी गर्भपिशवी काढणार आहेत. हे पहिल्याच दमात सांगून टाकते, तुझ्यापाशी तरी आडवळणं नकोत. गाठी आहेत, साध्या आहेत, जिवावरचं काही नाही असं डॉक्टर मॅडम म्हणाल्या. पण गेलं दीड वर्ष महिन्यातले दहा-दहा दिवस अंगावरून जातंय. कंपनीचा जिना चढताना मी मध्येच थांबते आणि पर्समध्ये काहीतरी शोधल्यासारखं करते, म्हणजे कुणी काही विचारत नाही. थकलेय गं मी. आणि खरं सांगू, रजा मागून जेवढी थकले तेवढी दुखण्यानंही नाही थकले.

तुझे रजेचे अर्ज मीच लिहायचे. निफाडच्या शाळेत तू शिपाई, मी तिथेच आठवीत. तुला सहीपुरतं लिहिता यायचं आणि माझं अक्षर चांगलं, याचा तुला कोण अभिमान. तू कणीक मळतेयस, मी पाटावर बसून वहीचं मधलं पान काढतेय. 'मा. मुख्याध्यापक यांस, विषय : रजा मिळणेबाबत.' कारण काय लिहू, मी विचारते. तू मान वर न करता म्हणतेस, "घरगुती कारण लिही. समदे तेच लिहित्यात." आणि लिहायचेच की सगळे. लग्नाला गेले तरी तेच, द्राक्षबागेच्या छाटणीला थांबले तरी तेच. तू मात्र त्या दिवशी कुठेच जायची नाहीस. मागच्या खोलीत गुडघे पोटाशी घेऊन पडून राहायचीस. एकदा मी शहाणपणा करून 'पोटात दुखत असल्यामुळे' असं लिहिलं. तू मला ते मोठ्यानं वाचायला लावलंस आणि कागद ओढून चुलीत घातलास. "माझ्या पोटाची दवंडी पिटायची हाय का शाळंत? पुन्हा लिही." मी पुन्हा लिहिलं, अक्षर जरासुद्धा न बिघडवता.

मग एक दिवस मी खडू घ्यायला शिक्षकांच्या खोलीत आले तेव्हा मुख्याध्यापक तुला म्हणत होते, "काय मावशी, तुमच्या घरी कार्यंच फार असतात बुवा! आम्हाला कधी जेवायला बोलवत नाही?" सगळे हसले. तूही हसलीस, रिकामे कप गोळा केलेस आणि माझ्या अंगावरून बाहेर गेलीस. इतका राग आला होता मला तुझा. त्यांचा नाही, तुझाच. एक वाक्य बोलली असतीस तर त्यांचं हसू जागच्या जागी थांबलं असतं. पुढे तुला नाशिकला मोठ्या दवाखान्यात आणलं तेव्हा डॉक्टर अण्णांवर ओरडले, नवरा ना तुम्ही, इतके दिवस झोपला होतात का? अण्णा म्हणाले, "तिनं सांगितलंच नाही हो." मी दहावीला बसायच्या आत तू गेलीस. तेव्हाच मी ठरवलं होतं, आपण काही लपवायचं नाही. जे असेल ते सगळ्यांना तोंडावर सांगायचं.

ते काही टिकलं नाही. मी नाशिकला अंबडच्या एका कंपनीत डिस्पॅचला आहे. गेल्या वर्षी आमच्या पॅकिंगमधल्या एका बाईचं हेच ऑपरेशन झालं. तिनं बिचारीनं भाबडेपणानं अख्खं सर्टिफिकेट साहेबांना दिलं, रोगाच्या नावासकट. साहेबांनी त्याचा फोटो काढून व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकला. खाली हात जोडलेले, फुलं, 'ताई लवकर बऱ्या व्हा'. वाईट हेतू नव्हता गं, म्हणून तर भांडताही येईना. ती परत आली तर लोडिंगवाला कँटीनमध्ये सगळ्यांसमोर म्हणतो, "ताई, पाण्याचा जार नका उचलू, तुमची पिशवी काढलीये ना!" काळजीनंच म्हणाला मेला. तिचा घास हातातच राहिला. दोन महिन्यांत तिनं नोकरी सोडली. मी तिच्या शेजारीच बसले होते आणि डब्यात बघत राहिले.

म्हणून मी डॉक्टर मॅडमना विचारलं, कागदावर कमीत कमी काय लिहिलं तर चालेल? मला वाटलं, ओरडतील. त्या म्हणाल्या, "शस्त्रक्रिया आणि सहा आठवडे विश्रांती. तेवढं पुरे. ऑफिसला तारखा हव्यात, तुमचं पोट कशाला हवंय?" आई, इतकं सोपं होतं ते. खोटंही नाही आणि दवंडीही नाही. हे वाक्य कुणी आपल्या स्वयंपाकघरात येऊन सांगायला हवं होतं.

साहेबांना मात्र ते पचेना. दोन दिवस अर्ज दाबून ठेवला, मग केबिनमध्ये बोलावलं. "बसा ताई. ऑपरेशन म्हणजे नक्की कशाचं? अहो, आपण इथे सगळे घरच्यासारखे. मला वर सांगायला लागतं." रजा नाकारली तर तारीख जाणार आणि पुन्हा तारीख मिळेपर्यंत मी उभी राहीन की नाही, देव जाणे. क्षणभर जिभेवर आलंच होतं, घरगुती कारण आहे म्हणून. पण मी म्हटलं, "सर, ऑपरेशन आहे. डॉक्टरांचं पत्र जोडलंय, परत यायची तारीख लिहिलीये, माझं काम कोण बघेल तेही दिलंय. बाकीचं माझ्यापाशी राहू द्या. आणि ते पत्र ग्रुपवर टाकू नका." ते खुर्चीत मागे रेलले. "गंभीर नाही ना काही?" "नाही सर." "मग सांगायला काय हरकत आहे?" "हरकत आहे, सर." बस्स, एवढंच. त्यांना राग आला, दिसत होता. काल संध्याकाळी मंजुरीचा मेसेज आला. आनंदबिनंद काही झाला नाही, खाली पायरीवर बसून पाणी प्यायले आणि बस पकडली. आता मागे काय काय बोलतील ते बोलोत.

पण खरं सांगायचंय ते याच्या आधीच्या रविवारचं. रजेचा अर्ज हल्ली मोबाइलवर भरतात, मला ते जमत नाही, म्हणून लेकीकडून भरून घेतला. तीही आता आठवीत आहे. मी भाजी निवडत होते. तिनं विचारलं, "आई, कारणाच्या रकान्यात काय टाकू?" माझा हात थांबला. मी तिला ओट्याशी बोलावलं आणि आधी सगळं सांगितलं, रक्ताचं, गाठींचं, पिशवीचं. तुझंही सांगितलं. मग म्हटलं, "तिथे फक्त 'शस्त्रक्रिया' लिही." तिनं तेवढंच टाइप केलं. मग म्हणाली, "मला माहीत होतं काहीतरी आहे. तू चादरी पहाटे धुतेस." आणि रडायला लागली.

तेव्हापासून मला चैन नाही. कारण आई, तूही धुवायचीस. न्हाणीत, पहाटे, दार लोटून. मी फटीतून पाहिलं होतं, एकदा नाही, कितीदा तरी. पाणी लाल व्हायचं. आणि मग त्याच आठवड्यात मी सुंदर अक्षरात घरगुती कारण लिहायचे. इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की आईनं आम्हाला कळू दिलं नाही. अण्णा तसं म्हणाले तेव्हा मी शेजारीच उभी होते आणि गप्प बसले. हे मी लेकीला सांगितलेलं नाही. तिला एवढंच म्हटलं, बरं झालं तू बोलून दाखवलंस.