लाईन परत येण्याआधी

तबारक,

परीक्षेत कॉपी होऊ नये म्हणून सरकारने सकाळपुरती बंद केलेली इंटरनेटची लाईन दुपारी परत येईल, आणि आली की सर्व्हरवरचं लिनक्स आपल्या डिस्कवर उतरवणारी तुझी स्क्रिप्ट आपोआप सुरू होईल. त्याआधी तिच्यातली एक ओळ बदलायलाच हवी.

काल लाईन आली तेव्हा सर्व्हरकडून पॅकेजांची यादी रिकामीच आली. स्क्रिप्टला वाटलं, तिकडचं सगळं काढून टाकलं. म्हणून तिने आपल्या डिस्कवरचंही पुसायला घेतलं. मी वायर उपटली म्हणून निभावलं. गावातल्या शाळेत इंटरनेट नाही. तिथले कॉम्प्युटर या एका डिस्कवरूनच लिनक्स घेणार आहेत, आणि ती घेऊन तिकडे जाणारी गाडी उद्या सकाळी निघते.

मी गल्लीला वीज पुरवणाऱ्या जनरेटरवाल्या अबू रगदकडे चाललोय. तो आज तेल बदलायला मशीन बंद ठेवणार म्हणे. फोनवर मलाच विचारतो, "उस्ताद, दोन तास वीज नसली तर तुमचा डबा रडतो की काय?" त्याच्यासमोर बसूनच समजवावं लागेल.

काल माझा आवाज चढला. तू जेवली नाहीस. डोल्मा पातेल्यात आहे, गरम करून खा.

मग स्क्रिप्ट ओळीओळीने वाच. पुसायला सांगणारा शब्द तुला सापडेल. यादी रिकामी आली तर थांबायचं, एवढं तिला शिकव. सकाळी मीच करायला बसलो होतो, पण उठलो. उद्या गाडीतून जाऊन त्या मुलांना हे तू शिकवणार आहेस, मी नाही.

मामा