हसरीच्या पिंजऱ्यातला भुसा

३ जून
संकल्प : हसरीकडे लक्ष द्यायचं नाही. प्रयोगशाळेत शेजारच्या टेबलावर बसते, कारण नसताना हसते. दोघींचा विषय एकच : आतड्याच्या अस्तराला सूज का येते, शरीर ती कशी आवरतं. परिषदेत बोलायला एकीलाच पाठवणार, असं सर म्हणाले. बाबांनी गल्लीभर सांगून टाकलंय की घरातली पहिली पदवीधर भाषण देणार.

९ जून
हसरीचे उंदीर बरे होतायत. माझे मात्र औषध खाऊन वाळतायत. मला मत्सर अजिबात नाही. तिला पिंजरे ठेवायला वरची फळी मिळालीय, एवढंच.

१२ जून
प्राणीघराचे काका म्हणाले, उंदरांचं बरं असतं ताई, एकमेकांच्या लेंड्यासुद्धा वाटून खातात. तुम्ही दोघी साधा चहा एकत्र घेत नाही.
काकांना विज्ञान कळत नाही.

१३ जून, सकाळी ७
संधी सर्वांना समान हवी, हे माझं तत्त्व. हसरीच्या पिंजऱ्यातला वापरलेला भुसा, लेंड्यांसकट, मूठमूठ माझ्या सहाही पिंजऱ्यांत टाकला. प्रयोगाच्या वहीत नोंद नाही. तत्त्वं वहीत लिहायची नसतात.

२२ जून
सगळ्यांची वजनं वाढली! आईला फोन केला. म्हणाली, उंदीर झाले गुटगुटीत, आता तू कधी होणार?

२३ जून
तक्ता काढला. औषध दिलेले बरे झाले. न दिलेलेही झाले. अगदी तेवढेच. औषध बहुधा हवेतून पसरत असावं.

२५ जून
हसरीला आधीपासून संशय होता की तिच्या उंदरांच्या पोटातले जंतूच सूज आवरतात. सरांसमोर मला विचारलं, चुकून माझा भुसा तुझ्याकडे गेला का गं? ठाम नाही म्हटलं. दारातून काका म्हणाले, चुकून कसला, ताईंनी मुठी भरभरून टाकला.
हसरी आनंदाने ओरडलीच. सर माझ्याकडे वळून म्हणाले, आता हेच पुन्हा करा, नोंद ठेवून. हसरी करेल.

२ ऑगस्ट
परिषदेला हसरी चाललीय. शेवटच्या स्लाइडवर माझे आभार आहेत, उंदरांबद्दल. बाबांना कळवलं, माझं नाव मोठ्या पडद्यावर येणार, थेट प्रक्षेपण बघा. त्यांनी विचारलं, किती वेळ दिसेल?
हसरीला विचारलं. तीन सेकंद, म्हणाली. या वेळी हसली नाही.
म्हटलं, दहा कर ना. बाबा अक्षरं लावून वाचतात.