पोस्टरवरची मेणबत्ती

५ फेब्रुवारी
आमच्या नाटकाचं शूटिंग संपलं. जुनं ग्रीक नाटक. हरलेलं शहर, राखेत बसलेल्या बायका. आमच्या हिलिगायनोन भाषेत मीच आणलं, तिसरी बाईही मीच. धाकटा भाऊ रोडेल सोमवारी, सतरा तारखेला, सैन्यात चाललाय. हे बघितल्यावर जाणार नाही. घरातली पहिली पदवीधर मी. विचार कुणीतरी करायलाच हवा.

७ फेब्रुवारी
रोडेलला युद्धाबद्दल समजावलं. म्हणाला, "मानांग, युद्धाला कोण चाललंय? मी पगाराला चाललोय." मोठ्या बहिणीपुढे विनोद करतोय, म्हणजे डळमळलाय. रविवारी बास्केटबॉल कोर्टवर चादर लावून नाटकाचं शूटिंग दाखवणार.

११ फेब्रुवारी
पोस्टर लावले. काळ्या कपड्यात मी, हातात मेणबत्ती. खाली: रविवारी संध्याकाळी, सर्वांनी यावे. 'नाटक' हा शब्द मुद्दाम गाळला. लोक बिचकतात.

१३ फेब्रुवारी
प्रतिसाद अफाट. रस्त्यात लोक नुसता माझा हात धरतात, बोलत नाहीत. शेजारची तिया पेरिंग बिस्किटांचा डबा देऊन गेली. आईने कशाला म्हणून विचारलं, तर म्हणाली, "असू दे गं, लागतील." आपल्या गावात कलेची एवढी कदर.

१६ फेब्रुवारी, संध्याकाळ
कोर्ट भरलं. सगळे काळ्या-पांढऱ्या कपड्यांत. चादरीसमोरच पत्त्यांचा डाव. तिया पेरिंगने आईला हळूच विचारलं, "पेटी कुठे ठेवलीय? गेलं कोण?"
पोस्टर बघून लोक मयत जागवायला, म्हणजे पत्ते खेळत रात्रभर मयतापाशी बसायला आले होते.
आई म्हणाली, "आलेत तर बसू दे. कॉफी कर."
तरी खेळ झाला. बायका रडल्या. तशा त्या रडायचं ठरवूनच आल्या होत्या. पण रोडेल शेवटपर्यंत मान खाली घालून बसला. जिंकले.
उठून निघाला तशी मागे धावले. तिया पेरिंगने मनगट धरलं. मयताच्या घरच्यांनी पाहुण्याला पोचवायचं नसतं, म्हणे. म्हटलं, मेलेलं कुणी नाही, आणि तो माझा भाऊ आहे. "निघाला तो पाहुणाच," ती म्हणाली. "आणि मेणबत्ती लावलीस ना?"
माझा विश्वास नाही. पण आज कशाला विषाची परीक्षा? थांबले.
रोडेल लांबून ओरडला, "मानांग, पगपग करून येतो." मयतावरून थेट घरी गेलं तर मेलेला मागोमाग येतो, म्हणून वाटेत कुठेतरी टेकायचं, ते पगपग. पाव खाऊन येईल. ताट झाकून ठेवलंय.

१७ फेब्रुवारी
बॅग त्याने कालच दुपारी तिया पेरिंगकडे नेऊन ठेवली होती. आईला ठाऊक होतं. मला का नाही सांगितलं, विचारलं. म्हणाली, "तू इतकी खुशीत होतीस."

२३ फेब्रुवारी
फोन नाही. छावणीत घेऊ देत नसतील. आई पत्ते खेळायला गेली. मी बिस्किटं खातेय. अजून खूप आहेत.
पगपग म्हणजे वाटेत थांबणं. थांबून झालं की माणूस घरीच येतो, नाहीतर त्याला पगपग म्हणत नाहीत. ताट झाकून ठेवलंय.