बिनशिवणीचा पट्टा

दुर्गाघाट, काशी
माघ वद्य ३, शके १८६२

चि. सौ. कालिंदीस ताईचे आशीर्वाद.

"इकडील सर्व क्षेम" हे मी दरवेळी पहिल्याच ओळीत लिहून मोकळी होते. आज ते लिहायचं की नाही, हे पत्र संपताना ठरवीन. तुझं संक्रांतीचं पत्र आणि तिळगूळ पोचला. टपालात त्याचा पार भुगा झाला होता, तो तात्यांना चमच्याने भरवला. "छान केलास," म्हणाले. मी आपलं ऐकून घेतलं.

तुझी शरदिनी सासरी रुळली हे वाचून बरं वाटलं. दिनानाथरावांची नोकरी माघअखेर संपते ना? म्हणजे आता तुम्ही दोघंच. जबलपुरात थंडी कमी असेल. इथे गंगेवरचा वारा अजून गल्लीतून सुरीसारखा शिरतो.

मी दमले आहे कालिंदी. हे वाक्य तुला आजवर कधी लिहिलं नाही, म्हणून आधीच लिहून टाकते. नंतर धीर व्हायचा नाही.

तू विचारलंस, "ताई, या वयात मशीन शिकून काय करणार?" ऐक तर. ब्रह्माघाटाच्या गल्लीतल्या बायकांच्या उद्योगवर्गात भाद्रपदात विणायचं मशीन आलं, ते कळवलंच होतं. लढाई चालू आहे, पलटणीला कंटोप, मोजे, पोटपट्टे हवेत. म्हणून वर्गाला लोकर मिळते, तीही सगळी खाकी. शिकवायला कलकत्त्याच्या बकुळदी आहेत. मशीन म्हणजे टेबलाला आवळलेल्या दोन लांब लोखंडी पट्ट्या आणि त्यांत दाटीने बसवलेल्या सुया. प्रत्येक सुईला पुढे आकडा, आकड्याला इवलीशी झडप. वरची गाडी या टोकाकडून त्या टोकाला ओढली की सुया ओळीने पुढे येतात, लोकर पकडून मागे जातात, की झाली एक ओळ. आपण आईजवळ बसून दिवसभर जेवढं विणत होतो, तेवढं चहा निवायच्या आत खाली लोंबायला लागतं. ऐकायला सोपं आहे. माझ्या उजव्या खांद्याला विचार.

अंगात घालण्याजोगं काही आम्हांला आधी विणूच देत नाहीत. नुसते नमुने. वीतभर चौकोन, एक सैल विणीचा, एक घट्ट, एक उभ्या रेघांचा. कारखान्यात पुढे ढिगाने माल निघतो तो नमुन्यावरून, तेव्हा नमुन्यात चूक म्हणजे सगळीकडे चूक. एक झडप अडकली की टाका सुटतो, आणि खाली लावलेल्या वजनाच्या ओढीने तो सुटलेला टाका पार तळापर्यंत पळत जातो. मग सगळं उसवायचं, गुंडी करायची आणि त्याच लोकरीचं पुन्हा विणायचं. आश्विनात मी एकाच गुंडीवर इतक्यांदा विणलं की तिची सुतळी झाली. बकुळदी म्हणाल्या, "प्रमोदिनीजी, अब इस बेचारी को छोड दीजिए." लोकरीबद्दल म्हणाल्या हो.

एकदा मी मोठ्या ऐटीत कंटोप विणला. नमुना मशीनवरून उतरवला, तसाच ऊन ऊन मोजला आणि त्या मापाने विणला. धुऊन वाळला तेव्हा त्यात कुठलंच डोकं शिरेना. बकुळदींनी तो वर्गातल्या पाण्याच्या तांब्यावर बसवला. सगळ्या बायका हसून हसून लोळल्या, मीही हसले. मग त्यांनी समजावलं, "मशीन से उतरा हुआ कपडा झूठ बोलता है. तना हुआ है न! रात भर सोने दो, फिर धोओ, फिर नापो." म्हणजे वजन काढून त्याला नुसतं पडू द्यायचं, मग तो आपलं खरं माप सांगतो. मी म्हटलं, बकुळदी, मलाही एक रात्र असं कुणी पडू द्या. त्या हसल्या नाहीत.

धुतलेले नमुने वाळवायला मी घरी आणायची. आपल्या गच्चीवर ऊन चांगलं, पण वानरं मेली टपलेली. म्हणून तात्यांच्या हातात काठी देऊन त्यांना राखणीला बसवायची. त्यांनाही ते काम आवडायचं. पौषात एक दिवस वर जाऊन बघते तो तीन नमुने गायब, आणि समोरच्या पत्र्यावर एक वानर खांद्यावर खाकी चौकोन टाकून बसलेलं. तात्या म्हणाले, "मीच दिला. त्याला थंडी वाजत होती." ही गंमत मी तुला मागच्या पत्रात लिहिली नाही. का लिहिली नाही, ते लिहिता लिहिता कळेलच तुला.

मार्गशीर्षात एकदा, सकाळचं स्नान झालेलं विसरून, ते दुसऱ्यांदा स्नानाला म्हणून घाट उतरले आणि परत येताना त्यांना आपली गल्ली सापडेना. दुर्गाघाटची गल्ली, कालिंदी! जिथे ते जन्मले! शिंदे घाटाच्या पायरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला संकल्प सांगत होते. शेजारच्या विश्वेश्वरभटांनी ओळखून आणून सोडलं. तेव्हापासून वर्गाला जाताना मी दाराला बाहेरून कडी घालते. कडी घालताना हात थरथरतो असं लिहिलं तर तुला बरं वाटेल, पण तो थरथरत नाही. गल्लीच्या वळणापर्यंत मला सुटल्यासारखं वाटतं. पुढे मग वाईट वाटायला लागतं.

तू लिहितेस, "तात्यांना इकडे घेऊन ये." आई गेली तेव्हा त्यांनी क्षेत्रसंन्यास घेतला, तू तेव्हा इथेच होतीस. पंचक्रोशीबाहेर पाऊल टाकायचं नाही, देह इथेच ठेवायचा. बाकी सगळं विसरले तरी हे विसरलेले नाहीत. स्टेशनचं नाव काढलं तरी काठी शोधतात. आणि पत्राच्या शेवटी तू दरवेळी लिहितेस, "तू आहेस म्हणून आम्ही निर्धास्त." ते वाचलं की माझी पोळी करपते. तू प्रेमाने लिहितेस हे मला कळतं, तरी करपते.

आता मुद्द्याचं. बकुळदींनी माझे नमुने कानपूरच्या एका होजिअरीला दाखवले. त्यांना नमुने करणारी बाई हवी आहे. चैत्र लागला की रुजू व्हायचं, राहायला खोली आहे, हाताखाली दोन मुली शिकवायच्या. बकुळदी हे सांगायला घरी आल्या, तेव्हा तात्या ओसरीवर माळ ओढत होते. मी म्हटलं, "बकुळदी, मैं कैसे जाऊँ?" त्यांनी तात्यांकडे बघितलं आणि चहा घेऊन गेल्या.

मला जायचं आहे. हे मी अजून मोठ्याने कुणापाशी बोलले नव्हते. एकोणिसाव्या वर्षी या घरी परत आले, तेव्हापासून मी कुणाची तरी मुलगी, कुणाची तरी मावशी, कुणाच्या तरी पानात वाढणारी. त्या मशीनपुढे मी नुसती चांगलं काम करणारी बाई असते. मी गाडी ओढते आणि ओळ बरोबर पडते. एवढंच आहे ते, पण मला ते हवं आहे.

आता पट्ट्याची गोष्ट ऐक, म्हणजे पुढचं लिहिता येईल. वर्गातला शेवटचा नमुना होता पोटपट्टा. मशीनच्या दोन्ही लोखंडी पट्ट्यांवरच्या सुया आळीपाळीने चालवल्या की नळीसारखं गोल विणकाम उतरतं, कुठे जोड नाही, शिवण नाही. माझा पहिला पट्टा रुंद झाला म्हणून नापास, तो मी घरी आणला. तात्यांची सोवळ्यातली लोकरी धाबळी कसरीने खाल्ली होती. पहाटे नुसत्या पंच्याने देवापुढे बसायचे आणि त्यांच्या दातांचा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू यायचा. सोवळ्यात शिवलेलं चालत नाही. पण लोकर चालते, आणि हा कुठे शिवलेला आहे? मी तो धुऊन त्यांच्या छातीपोटावर चढवला. खाकी पट्टा, वर जानवं, कपाळाला गंध. पलटणीतून पळून आलेल्या शास्त्रीबुवांसारखे दिसत होते.

विश्वेश्वरभट दर्शनाला आले आणि दारातच थबकले. "शास्त्रीबुवा, हे काय? गोऱ्यांच्या शिपायाचा पट्टा घालून देवाला पाणी घालता?"

तात्यांनी हातातली पळी खाली ठेवली. "भटजी, लोकर सोवळ्याला चालते की नाही?"

"चालते."

"शिवण चालत नाही. मग शिवण दाखवा."

भटजींनी चष्मा लावला. पट्टा गोल फिरवून फिरवून शोधला, आतूनही बघितला. तात्या हात वर करून उभे, नव्या नवरदेवाचं माप घ्यावं तसे. शिवण सापडेना तेव्हा भटजी म्हणाले, "पण मशीनचा आहे. मशीनला कोणाकोणाचे हात लागले असतील!"

"आणि तुमच्या धाबळीची मेंढरं काय सोवळं नेसून चरत होती?" तात्या कडाडले. मग त्यांनी एकामागून एक वचनं म्हटली, एक अक्षर न अडखळता. लहानपणी सभेत बोलताना ऐकायचो ना आपण, तसे. भटजी हात जोडून निघून गेले. मी चुलीपुढे बसून रडले, आनंदाने. मला वाटलं, आले. माझे तात्या परत आले.

दुपारी जेवण झाल्यावर त्यांनी मला जवळ बसवलं आणि पट्ट्यावरून हात फिरवत म्हणाले, "कालिंदी, हा फार ऊबदार आहे गं. जबलपूरहून आणलास?"

झालं, लिहिलं एकदाचं. संक्रांतीच्या आधीपासून मी या घरात कालिंदी आहे. आधी मी दुरुस्त करायची. "तात्या, मी प्रमोदिनी." मग ते इतके ओशाळायचे आणि दारात जाऊन बघायचे, की प्रमोदिनी कुठे आहे. तेव्हापासून दुरुस्त करणं सोडलं. तुझ्या नावाला ओ देते, तुझा तिळगूळ माझ्या नावावर, म्हणजे तुझ्याच नावावर, जमा होतो. पहिले काही दिवस मला तुझा राग आला. मी इथे राहून विसरले जाते आणि तू लांब राहून आठवतेस, हा कुठला न्याय? आता राग नाही. रागालाही अंगात बळ लागतं.

त्या दुपारी ते पुढे म्हणाले, "बरं झालं आलीस. तुला एक सांगायचं होतं. ती बंगाली बाई आपल्या प्रमोदिनीला बोलवायला आली होती. तिला म्हणावं, जा."

मी म्हटलं, "तुम्हीच सांगा ना तात्या."

"माझ्याच्याने नाही होत. क्षेत्रसंन्यास मी घेतला आणि पाळते आहे ती. हे मला कळतं, कालिंदी. पण ती समोर आली की तोंड उघडत नाही. मनात येतं, मग वरणाला फोडणी कोण देईल? असा मी स्वार्थी. तू धाकटी आहेस, तुझ्यापाशी बोलवतं. सांगशील तिला?"

"सांगते."

"आणि म्हणावं, तात्या रागावले नाहीत."

मी उठून गच्चीवर गेले. काठी तिथेच पडली होती, ती उगाच भिंतीला टेकवून ठेवली. एवढी वर्षं ज्या माणसाच्या तोंडून हे ऐकायला कान आसुसले होते, त्याने ते मला सांगितलं, आणि मी तिथे नव्हते.

दुसऱ्या दिवशी आठवणीने विचारलं, "निरोप दिलास?"

"दिला."

"काय म्हणाली?"

"विचार करते म्हणाली."

"ऐकेल. लहानपणापासून ऐकत आली आहे बिचारी," म्हणाले आणि झोपले.

तर कालिंदी, मी ऐकते आहे. आजच बकुळदींना होकार देऊन आले, पाय मागे फिरायच्या आत. तुला न विचारता दिला, याबद्दल क्षमा मागत नाही. फाल्गुन सरायच्या आत तू ये. दिनानाथरावांनाही आण, त्यांना घाट आवडतो. चार दिवसांसाठी येऊ नकोस, बिऱ्हाड घेऊन ये. वरणाला हिंग जास्त लागतं. कडीचं तुझं तू ठरव. पट्टा कोमट पाण्यात धूत जा आणि पिळू नकोस. मी कानपूरहून दुसरा पाठवीन, खाकी नसलेला. वानरांना फार घाबरू नकोस.

तू इथे आलेलीच आहेस असं तात्या धरून चालले आहेत. तेवढं खरं कर.

आल्यावर बाहेरूनच हाक मार आणि आपलं नाव सांग. तू आत येऊन त्यांच्यापाशी बसलीस, की मग मी माजघरातून येईन. त्यांना वाकून नमस्कार करीन आणि म्हणेन, "तात्या, मी प्रमोदिनी. निघते." त्यांनी ओळखलं तर ठीक. नाही ओळखलं, तर तू त्यांच्या कानात सांग, की निरोप पोचला.

क्षेम आहे की नाही, ते तू आल्यावर ठरवू.

तुझी ताई,
हे नाव लिहायचीही सवय गेली होती,
प्रमोदिनी